जावयाच्या वाटणीची गोळी

माझ्या बायकोच्या आत्यांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट एकटीनं तोंडात टाकली नाही, असं मी म्हटलं तर ते कौतुकाच्या भरात म्हटलेलं समजू नका, शब्दशः घ्या. दिवंगत यजमानांची बोलणी तेवढी त्यांनी एकटीनं गिळली असतील. बाकी जे जे म्हणून हातात आलं त्याचे आधी वाटे झाले, ते समोरच्यांना गेले, आणि मग उरलंसुरलं त्यांच्या तोंडात. हैदराबादेत काचीगुड्याच्या फलाटावर एक कप चहा घेऊन त्यांनी चहावाल्याकडे चार बश्या मागितलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्याच्याकडे बश्या नव्हत्या, तर त्या त्यालाच म्हणाल्या, "मग तू तर घे घोटभर. सकाळधरनं दुसऱ्याला ओतायलास अन् तुझं तोंड कोरडं." नांदेडच्या गाडीत तिकीट तपासायला आलेल्या माणसाच्या हातावर त्यांनी तिकिटाऐवजी साबुदाण्याची खिचडी ठेवली होती. तो बिचारा म्हणाला, "माँजी, मेरा उपास नहीं है." आत्या म्हणाल्या, "नसू दे की. खिचडीला काय कळायलंय?" एकदा त्यांच्या पायात गंजका खिळा घुसला म्हणून मी त्यांना गल्लीच्या तोंडाच्या दवाखान्यात नेलं. धनुर्वाताचं इंजेक्शन टोचून झाल्यावर त्या कंपाउंडरला म्हणाल्या, "आमच्या जावयांना बी एक द्या. सोबत आलेत." मला 'नको' हा शब्द जन्मजात जड जातो. कंपाउंडरनं ऐकलं नाही म्हणून वाचलो, नाहीतर माझी बाही तोवर वर गेली होती.

आत्या मूळच्या नांदेडकडच्या, शेतकऱ्याच्या मोठ्या खटल्यातल्या. त्या घरात पंगतीबाहेर काहीही खाणं म्हणजे चोरीच. लहानपणी एकदा कणगीमागे बसून गुळाचा तुकडा खाताना त्या सापडल्या. चुलतीनं हात उगारला नाही. घरातली सगळी पोरं रांगेत बसवली आणि उष्टा राहिलेला तेवढासा गूळ त्यांच्याच हातानं सगळ्यांना वाटायला लावला. "मार बरा होता हो, जावईबापू," असं त्या साठीतही म्हणायच्या. लग्न होऊन त्या हैदराबादेत आल्या, यजमान महसूल खात्यात, घर बरकतपुऱ्यात, मूलबाळ नाही. आणि शहर असं मिळालं की पाहुण्याला न खिलवता उठू देणं तिथंही पाप. म्हणजे आधीच उतार आणि त्यात चाकं लावलेली. त्या भाजीवालीशी तेलुगूत बोलायच्या, रिक्षावाल्याशी दखनीत आणि देवाशी नांदेडच्या मराठीत. पण तिघांशीही विषय एकच, काही खाल्लंस का.

ते दिवस बाजारात रोज काहीतरी नवं उगवण्याचे होते. गच्च्यांवर तबकड्या आल्या, चौकाचौकात काचेच्या दारांची दुकानं आली, आणि मी ज्या कंपनीत लागलो होतो तिथं संगणकाच्या गार खोलीत बूट काढून, देवळात जावं तसं जावं लागे. चिक्कडपल्लीच्या दुकानांतून शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. ती पुडी आत्यांनी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा उलटसुलट करून विचारलं, "हे कितीजणांचं?" मी म्हटलं, एकीचं. "एकीचंच?" त्यांना मनापासून वाईट वाटलं. "अन् घरात दुसरी बाई असली तर तिनं काय बघत बसायचं?" मग ती पुडी त्यांनी स्वतः, माझी बायको आणि वरच्या मजल्यावरच्या तेलुगू मास्तरीणबाई अशी तिघींत न्हाऊन संपवली. तिघींचेही केस धुतले गेले नाहीत, पण मनं निर्मळ झाली.

अशा बाईच्या पित्ताशयात खडे झाले. एका लग्नाच्या जेवणानंतर उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की आत्या वाढता वाढता खाली बसल्या, आणि बसल्या बसल्याही शेजारच्या पानात जिलबी वाढून मग कळवळल्या. नव्यानंच निघालेल्या सोनोग्राफी केंद्रात नेलं. छायाचित्रात ज्वारीच्या दाण्यांएवढे काही खडे दिसले. आमचे डॉक्टर वयस्कर, शांत, दखनी बोलणारे. त्यांनी नीट समजावून सांगितलं. हल्ली दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, चार दिवसांत माणूस घरी येतं; पण आत्यांची हृदयाची झडप लहानपणच्या तापात अधू झालेली, त्यांना भूल देणं म्हणजे जुगार. खडे मात्र चुन्याचे नाहीत, चरबीचे आहेत, लहान आहेत, गोळ्यांनी विरघळू शकतील. सकाळी एक, रात्री एक, जेवणासोबत, वर्षभर तरी. घाई करायची नाही आणि चुकवायचं नाही. "हौ," आत्या म्हणाल्या, "एक बी चुकणार नाही." आणि सांगून ठेवतो, एकही चुकली नाही.

खड्यांना त्या 'पाहुणे' म्हणायच्या. "आज पाहुणे निवांत हायेत," किंवा "रात्री पाहुण्यांनी लई परेशान केलं." सोनोग्राफीची फिल्म बैठकीतल्या ट्यूबलाइटला टेकवून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या. वरच्या मास्तरीणबाईंनी ती पाहून आधी हात जोडले, मग "वदिना," म्हणजे वहिनी, "ये क्या है?" असं विचारलं. केबलचे पैसे न्यायला आलेल्या माणसालाही ती पाहावी लागली आणि त्यानं गंभीरपणे "सिग्नल कमजोर है अम्मा" असं निदान केलं. ही फिल्म त्या कित्येक महिने उलटी धरत होत्या. पथ्य म्हणाल तर अक्षरशः पाळलं. तळलेलं बंद म्हणजे स्वतःला बंद. मिरचीभजी पूर्वीइतकीच होत आणि आम्ही खात असू. स्वतः न खाता दुसऱ्याला घालणं त्यांना सहज जमायचं. दुसऱ्याला न घालता स्वतः खाणं, ते मात्र नाही.

आणि गोळ्यांची पट्टी आली. प्रत्येक गोळीला चांदीच्या कागदात वेगळी खोली. "बिचाऱ्या एकेकट्या," असं म्हणत आत्यांनी पहिली गोळी बाहेर काढली, तेव्हा मी समोर बसलो होतो. रविवार होता, नुकतं जेवण झालं होतं. त्यांनी पानाच्या डब्यातला अडकित्ता घेतला, सुपारी कातरावी तशी गोळी मधोमध कातरली, पण कातरताना जरा कमीजास्त झालं. मोठा तुकडा माझ्यापुढे आला. "घ्या, पोटाची हाय, चांगली असती." मी संकोचानं म्हटलं, आत्या, तुम्ही घ्या. "मी घेऊ अन् जावयानं बघत बसायचं? अन् जावयाला काय लहान तुकडा देऊ?" मी घेतली. मला वाटलं, ही जेवणानंतरची पाचक गोळी असावी, औषधाची वेगळी असेल. विचारलं नाही. मी कधीच काही विचारत नाही. हा माझा सभ्यपणा आहे असं लोक समजतात आणि मी त्यांना समजू देतो. खरं सांगायचं तर ती भीती असते.

पुढं तो रिवाजच पडला. हीच औषधाची गोळी हे कळलं तोवर 'नको' म्हणायची वेळ निघून गेली होती. सकाळची गोळी दूधवाला, मास्तरीणबाई किंवा जी कोणी भाजी निवडायला बसली असेल तिच्यासोबत. रात्रीची माझ्यासोबत, कारण ऑफिसातून घरी जाताना मी त्यांच्याकडे थांबत असे. तिघं असलो तर तीन तुकडे. बायको असली तर तिला चूर. लेकीबाळींचं मागाहून भागतं, जावयाचं नाही. त्या काळात आत्यांच्या घरच्या जेवणाची एक ख्याती झाली होती की तिथं जेवलं की दुसऱ्या दिवशी पोट अगदी मोकळं होतं. काहींचं जरुरीपेक्षा जास्त मोकळं व्हायचं आणि त्याचं खापर दहीवड्यावर फुटायचं. दूधवाला तर येणंच टाळू लागला. पिशवी कडीला अडकवून पळून जायचा.

दुसऱ्या सोनोग्राफीत खडे होते तेवढेच. डॉक्टर म्हणाले, थांबू. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी चष्मा काढला. "अम्मा, गोली बराबर लेरें?" आत्या म्हणाल्या, "देवाशपथ, एक बी चुकली नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी, जो कोणाच्या भानगडीत बोलत नाही तो, पुढं होऊन म्हणालो, "मेरे सामने लेते हैं, डॉक्टरसाब. रोज." माझ्या आयुष्यातली ही एवढीच काय ती ठणठणीत साक्ष.

दुपार उलटून गेली होती. आम्ही सकाळपासून खोळंबलो होतो, म्हणून आत्यांनी डबा आणला होता. बाहेर रांग संपलेली, डॉक्टरही उपाशी, मग त्यांच्याच टेबलावर डबा उघडला गेला. उपमा डॉक्टरांनी खाल्ला, नाही म्हणणार कसे? खाऊन झाल्यावर आत्या म्हणाल्या, सकाळची गोळी राहिली हाय, आता घेऊन टाकते. पिशवीतून पट्टी निघाली, पाठोपाठ अडकित्ता निघाला. कट्. एक तुकडा डॉक्टरांपुढे. "घ्या साहेब. सकाळधरनं बसलाव, पोट जड झालं असंल."

डॉक्टरांनी नकळत तळहात पुढं केला होता. त्यावरचा तुकडा त्यांनी पाहिला, मग पट्टी पाहिली, मग अडकित्ता. चष्मा पुन्हा चढवला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अम्मा, ये... रोज ऐसाच?"

"हौ. एकटीनं कसं खायाचं?"

"मैं आपके पत्थर को दवा देरा अम्मा, और आप पूरे मोहल्ले को देरें! अब आपके मोहल्ले में किसी को पत्थर नई होते. बस आपके वैसे के वैसे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "और साब, आपके सामने?" मी पंख्याकडे पाहत होतो. माझ्या कानांत ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांची घरघर एकदम सुरू झाली होती. मोठा तुकडा नेहमी माझ्या वाटणीला यायचा हे मी कोणालाच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

बाहेर येऊन डॉक्टर मला एकट्याला म्हणाले, अजून सहा महिने, पूर्ण गोळी. त्यानं नाही झालं तर एखादा खडा नळीत अडकेल, कावीळ होईल, मग चिरण्यावाचून इलाज नाही. "और बेहोश करे तो ये दिल फिर उठता के नई, मैं नई बोल सकता." विनोद तिथं संपला.

त्या रात्रीपासून बायकोनं अडकित्ता आमच्या घरी आणून ठेवला. आत्यांनीही मनावर घेतलं. पण अख्खी गोळी एकटीनं गिळायची म्हटलं की ती घशात बसायची. पाणी प्याल्या, केळ्यात घालून पाहिली, दोनदा उलटून पडली. "जात नाही हो, आत दारच लागतं," म्हणायच्या. बायको चिडायची, "आत्या, अगं औषध आहे ते, प्रसाद नाही!" त्यावर आत्या शांतपणे म्हणायच्या, "प्रसाद तरी कोण एकटं खातं?" एकदा संध्याकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर दाराच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून आत्या उभ्या. हातात गोळी. मला पाहताच त्यांनी ती पदराखाली लपवली. साठीची, घरदार चालवलेली बाई, आणि चेहरा कणगीमागं सापडलेल्या पोरीचा. "तुम्ही बाहेर बसलेले अन् मी इथं चोरून खायले, जावईबापू," एवढंच म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी काही पाहिलं नाही असं दाखवून, पाणी न पिताच परत फिरलो. दुसरं काही करायला पाहिजे होतं, पण काय, ते सुचायला मला नेहमी दोन दिवस लागतात.

दोन दिवसांनी सुचलं, असं आमच्या नात्यात सगळीकडे सांगितलं जातं. खरं म्हणजे सुचलं बायकोला. मी फक्त ओझं उचललं. बेगम बाजारातल्या घाऊक दुकानातून आम्ही लिमलेटच्या गोळ्यांचा पत्र्याचा एक भला मोठा डबा आणला आणि आत्यांच्या बैठकीत ठेवला. नियम असा की रात्री आठला आत्या औषधाची अख्खी गोळी घेणार आणि त्याच क्षणी समोरचा प्रत्येकजण लिमलेटची. आत्यांना आधी पटेना. "मी भारीची खायची अन् जावयाला लिमलेट?" यावर मोठी बोलणी झाली. शेवटी मास्तरीणबाईंनी तोड काढली की जावयानं दोन खाव्यात. मग आत्यांनी गोळी हातात घेतली, सगळ्यांच्या हातात गोळ्या आहेत याची नजरेनं खात्री केली, "चला, बिस्मिल्ला करा," म्हणाल्या, आणि सगळ्यांनी एकदम तोंडात टाकल्या. आत्यांची गोळी गेली. कुठं गेली ते कळलंही नाही त्यांना. पाणी हातात तसंच राहिलं.

बघता बघता त्या गल्लीत 'गोळीला जाणं' हा शब्दप्रयोग हळदीकुंकवाला जाण्यासारखा रूढ झाला. घरोघरी केबलवर मालिका लागलेल्या असायच्या, तरी आठच्या सुमाराला मास्तरीणबाई उतरायच्या, शेजारच्या सुना यायच्या, दूधवाल्याचीही भीती मोडली. जो उशिरा येईल त्याच्यासाठी आत्या गोळी हातात धरून थांबायच्या. सकाळच्या गोळीला कोणी नसलं तर खिडकीतून रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायच्या, "ओ भाई, इधर आओ, एक मिठी गोली खाके जाओ." पोस्टमनसुद्धा त्यात आला. मी तर एकही रात्र चुकवली नाही. जावई म्हणून रोज दोन दोन लिमलेट खाऊन माझी एक दाढ गेली. आत्यांचे खडे आणि माझी दाढ साधारण एकाच वेगानं विरघळत होती.

आता जे कधी बोललो नाही तेही सांगतो. लोक म्हणायचे, किती काळजी घेतो जावई! मी काळजीपोटी जात नव्हतो. पुण्याहून या शहरात आल्यावर दिवसभर पडद्याशी बोलायचं आणि घरी आलो की बायकोशी बोलायला शब्द सापडायचे नाहीत, अशी माझी तेव्हा गत झाली होती. ती बोलायची, मी मान हलवायचो, मग तीही थांबायची. आत्यांच्या सतरंजीवर मात्र तोंडात गोळी असायची, आणि तोंडात गोळी असली की गप्प बसायला कारण मिळतं. कोणी विचारत नाही, काय झालं, बोलत का नाही. बायको शेजारी बसलेली असायची, तिच्याही तोंडात गोळी. आम्ही दोघं इतके एकत्र गप्प त्याआधी कधी बसलो नव्हतो. घरी जाताना ती म्हणायची, आज लिंबाची होती की संत्र्याची? आणि मी उत्तर द्यायचो. तिथून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

सहा महिन्यांनी खडे निम्मे झाले होते, आणखी काही महिन्यांनी फिल्म कोरी आली. डॉक्टरांनी ती उजेडाला धरली, सरळ धरली, आणि हसले. "मुबारक अम्मा. सब साफ. अब गोली बंद." माझ्या बायकोनं तिथंच डोळे पुसले. आत्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला, पदर सावरला, आणि विचारलं, "परत होतेत का साहेब, खडे?"

"हो सकते. कुछ लोगां को होते."

"कवा?" त्यांनी विचारलं. आवाजात भीती नव्हती. डॉक्टरांना काही कळलं नाही, ते हसून पुढच्या माणसाकडे वळले.

खडे परत झाले नाहीत. आत्या पुढं बरीच वर्षं होत्या. आठ वाजता येणारी माणसं काही दिवस सवयीनं आली, मग ज्याच्या त्याच्या मालिकेकडे गेली. मी नव्या कंपनीत लागलो, शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथं खडक फोडून इमारती उभ्या राहत होत्या. रोजचं जाणं आठवड्यावर आलं, आठवड्याचं सणावर. एका पहाटे त्यांचं ते अधू हृदय झोपेतच थांबलं.

पण मला आठवते ती फिल्म कोरी आलेल्या दिवसाची दुपार. बायको परस्पर बाजारात गेली होती आणि आत्यांना घेऊन मी रिक्षातून परत येत होतो. आत्या मांडीवर पिशवी घेऊन बाहेर बघत होत्या. "बरं झालं म्हणा," असं एकदा स्वतःशीच म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता, "आता संध्याकाळी काय म्हणून बोलवू हो तुम्हाला?"

उत्तर माझ्याजवळ होतं. काही म्हणून नका बोलवू, नुसतं बोलवा. माझा दिवस तुमच्या सतरंजीवर आठ वाजता सुरू होतो, हे सगळं ओठांपर्यंत आलं. मी पुढं वाकलो आणि रिक्षावाल्याला म्हणालो, "भाई, जरा हल्लू चलाओ."

"इससे हल्लू चलाया तो गाडी बंद पड जाती, साब."

आत्या खुदकन हसल्या. त्यानं तरी वेग थोडा कमी केला. बरकतपुरा आलाच.